पडद्याकडे पाठ करून

आमच्या मालकांविषयी लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. आधी नोकरी होती, मग मुलांची शिक्षणं, मग दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं. कारणांना तोटा नव्हता. खरं कारण एकच होतं आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या नातवाच्या लग्नाला गेलो. जेवताना नवरदेव मित्रांना रंगवून सांगत होता, "आमचे आजोबा म्हणजे एक नंबर माणूस. त्या जमान्यात लपून फिल्म काढत. एका बुढ्याचा भर लोकात पादल्याचा असा आवाज काढला, का थो गल्ली सोडून पळाला!" पोरं खो खो हसली. मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही तं तिथंच होते ना, आजोबा?"

"होतो," मी म्हणालो आणि मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला.

ऐंशी ओलांडलेला माणूस ताक पिऊन गप्प बसला. म्हणून हे लिहितो आहे.

मालक म्हणजे घरमालक. नागपूरच्या तांडापेठेतल्या एका गल्लीत त्यांचं घर होतं आणि मागच्या अंगणातली एक खोली भाड्यानं माझ्याकडे होती. रामटेकजवळच्या गावातून येऊन मी कारकुनीवर नवाच लागलो होतो. साठचं दशक संपत आलं होतं. मालकांचा धंदा विणकामाचा. पुढच्या लांबट खोलीत, जमिनीत खड्डा करून बसवलेले दोन माग. एकावर मालक बसत, म्हणजे बसायला हवे होते. दुसऱ्यावर बाबाजी बसत. बाबाजी नात्यातले नव्हते. मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून त्या मागावर विणत आले होते आणि मालकांच्या हातात पहिला धोटा त्यांनीच दिला होता. दिवसातून दहा वाक्यं बोलत असतील. त्यांतली पाच सुताला उद्देशून असत.

मालक मात्र बोलण्यासाठीच जन्माला आले होते. एक गोरे डॉक्टर मायदेशी परतताना घरचं सामान विकत होते. मालक तिथे कपाट बघायला गेले आणि चावीचा एक छोटा सिनेकॅमेरा, एक प्रोजेक्टर असं घेऊन आले. कपाट राहिलंच. त्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, कपडे त्यानंतर पंधरा वर्षं दोरीवरच होते.

या कॅमेऱ्यानं मालक लोकांची फजिती टिपत. मागाच्या खोलीच्या खिडकीत सुताच्या टोपलीखाली तो लपवायचा, गल्लीत काहीतरी खोडी करून ठेवायची आणि चावी सोडायची. कॅमेरा चालताना घरघरायचा, पण बाबाजींच्या मागाच्या खटखटीत ते कुणाला ऐकू यायचं नाही. एकदा मालकांनी सीताबर्डीत प्रयोग केला. साड्यांच्या गाठोड्यात कॅमेरा दडवून एका कापड दुकानात बसले. "अहो, तुमच्या गाठोड्यात भुंगा शिरला," असं म्हणत दुकानदारानं कापड मोजायच्या गजानं गाठोड्यावर दोन सणसणीत ठेवून दिले. कॅमेऱ्याला पोचा आला तो कायमचा. मालक म्हणाले, "पाह्यलं? बिनमागाचं हे काम होत नाही." ते गाठोडं त्या दिवशी ऑफिस बुडवून मी उचललं होतं, याचा उल्लेख नाही.

मला त्यांचा विलक्षण वैताग यायचा. पहाटे पाचला दार वाजवून ते माझ्या तोंडातला ब्रश बाहेर येईपर्यंत नवी कल्पना सांगून मोकळे होत. माझ्या खोलीतला बल्ब काढून नेत. टोपी घालून गल्लीतून दहा वेळा चालायला लावत आणि अकराव्या वेळी म्हणत, "आता बिनटोपीनं जा." आणि एक प्रश्न. कुणी हसलं की हे थांबलेच. भाजीवालीला विचारणार, "तू आत्ता काहून हसली वं?" एकदा तेराव्याच्या जेवणात एका गृहस्थाला विचारलं. आम्ही तिथून न जेवता निघालो.

माझीही त्यांनी फजिती केली होती. ऑफिसात चार पुस्तकं वाचलेली होती आणि मी अंगणात भूतखेत, करणी वगैरेंविरुद्ध भाषणं देत असे. एका सकाळी माझ्या दारापुढे कुंकू लावलेलं कापलेलं लिंबू, तांदूळ आणि काळी बाहुली. मी इकडेतिकडे पाहिलं, मग भिंतीला धरून, नालीवरून उडी मारून, एक चप्पल नालीत घालवून बाहेर पडलो. महिन्याभरानं मुंबईहून रीळ धुऊन आलं. मालकांनी मला एकट्याला बसवून ते दाखवलं.

"हसतो का नाही?"

मला हसू येईना. ते कातरी हातात घेऊन उभे. "नाही हसला तं कापतो आन् तुलेच देतो. पहिला खेळ ज्याची फजिती त्याचा. त्याले नाही आवडलं तं बाकीच्याइले काय हक हाय?"

दुसऱ्यांदा पाहिल्यावर मी हसलो. चप्पल नालीत पडते तिथे. हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी माझ्यासमोर कधी मोडला नाही. एका पोस्टमनला स्वतःचं रीळ आवडलं नाही, तर त्याचं अख्खं रीळ त्याच्या थैलीत घालून दिलं.

रविवारी दुपारी खेळ असे. खिडक्यांना गोणपाट लावायचं, मागांवर चादरी टाकायच्या, समोर पडदा. पडदा मालकांनी स्वतः विणला होता. मागाची रुंदी पुरेना म्हणून दोन पट्टे जोडलेले, आणि ती शिवण बरोबर मधोमध. त्यामुळे पडद्यावर येणारा प्रत्येक माणूस नाकातून उभा चिरलेला दिसायचा. मी शंभरदा म्हटलं की पडदा थोडा सरकवू. "लोकाइले सवय झाली आता," हे उत्तर. तीस-चाळीस माणसं जमत. मी सगळ्यांच्या मागे प्रोजेक्टर चालवायचो. आणि मालक पडद्याशेजारी, पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसायचे.

"फिल्म मी रोजच पाह्यतो," ते म्हणायचे. "पाह्याचं असते ते थोबाड." खेळ संपल्यावर सगळं सांगायचे. हा पोटातून हसला. हा शेजाऱ्याकडे पाहून उधार हसला. ती हसली नाही, पण तिचे पाय हसले. ऐकून ऐकून माझे कान किटत.

फिल्म मुकी होती. हे ध्यानात ठेवावं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

माझ्या डोक्यात एक कल्पना होती. आमच्या हेडक्लार्कच्या गादीखाली फुटबॉलचं ब्लॅडर ठेवायचं. साहेब बसतील, आवाज होईल, तोंड पाहण्यासारखं होईल. ऑफिसच्या खिडकीतून रीळ काढायचं आणि खेळाच्या वेळी आवाज आपण द्यायचा. मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"त्यात माणूस कुठं हाय? नुसतं भोक हाय. तसा आवाज तं सायकलच्या ट्यूबमधूनबी निघते."

"पण लोक हसतील."

"हसतील ना. ठेच लागल्यावर डोयाले पाणी येते तसे हसतील. त्याले काय विचारू मी, काहून हसला म्हणून?"

मी मनातून पार चिडलो. गाठोडी मी उचलायची, बल्ब माझा, रविवार माझे, आणि माझी एक कल्पना हलकी! तो आवाज मला नुसता माहीत नव्हता, मी त्यात शाळेत पटाईत होतो. काखेत तळहात दाबून असा काढायचो की मास्तर स्वतःकडेच संशयानं बघत. खरी कला काखेत नव्हतीच, चेहऱ्यात होती. सगळा वर्ग हसतो तेव्हा ज्यानं आवाज काढला त्यानं हसायचं नसतं. नाहीतर पकडला जातो.

त्याच सुमारास मालकांनी बाबाजींचं रीळ काढायला घेतलं. त्यात खोडी काहीच नव्हती. बाबाजी कधी फोटो काढू देत नसत. "फोटो मेल्यावर काढतेत," म्हणायचे. म्हणून मालक टोपलीखालून त्यांना चोरून टिपत होते. सकाळी बाबाजी येतात. अंगरखा खुंटीला. खड्ड्यात उतरण्याआधी धोतराचा सोगा सावरून खोल वाकतात आणि मागाच्या लाकडाला कपाळ टेकवतात. मग हात, धोटा, काठाचं रेशीम. दसऱ्याला मागाची पूजा सगळेच करत. बाबाजी मात्र रोज टेकवायचे, साठ वर्षं.

रीळ आल्यावर नियमाप्रमाणे पहिला खेळ बाबाजींचा. मी प्रोजेक्टर चालवला. बाबाजी हलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "मी एवढा वाकून गेलो का गा?"

मालक म्हणाले, "कापू का?"

बाबाजींनी पडद्याकडे बोट केलं. "परत लाव." परत लावलं. मग म्हणाले, "दाखव लोकाइले. पण हसाचं नाही म्हणा."

त्या दिवशी मालक अंगणात उगाच इकडून तिकडे चालत होते. मला म्हणाले, "बुढा हो म्हणाला, गा!" मला आठवतं, मी "बरं" म्हणालो आणि माझ्या बल्बची चौकशी केली.

रविवारी खोली भरली होती. मालकांनी बाबाजींना अंगणातून धरून आणलं आणि पुढे, अगदी स्वतःच्या शेजारी पाटावर बसवलं. बाबाजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मालकांनी जाहीर केलं, "या रिळाले कोणी हसाचं नाही."

हसायचं नाही म्हटलं की चाळीस माणसांचं काय होतं, हे हसण्याचा एवढा अभ्यास केलेल्या माणसाला कळू नये? लोक लिंबू आणि नाली पाहायला आले होते. पडद्यावर एक म्हातारा अंगरखा खुंटीला लावत होता. पोरं चुळबुळायला लागली. कुणी जांभई दिली. कुणी म्हणालं, "मंग? पुढं?" मला मागून सगळं दिसत होतं आणि मनात म्हणत होतो, बघा. बघा म्हणावं तुमचा माणूस. पडद्यावर बाबाजींनी पाठमोरं वाकून मागाला कपाळ टेकवलं, आणि मी काखेत तळहात घालून आवाज काढला.

तसं हसणं त्या खोलीत आधी कधी झालं नव्हतं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. काकू पदर तोंडात कोंबून हसल्या. कुणाला तरी उचकी लागली. रीळ पुढे चाललं होतं, रेशमाचा काठ येत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आणि खरं लिहायचं तर मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. मी जिंकलो होतो. माझा चेहरा शाळेतल्यासारखा कोरा होता.

रीळ संपलं. पडद्यावर नुसता पांढरा उजेड राहिला. त्या उजेडात बाबाजी उठताना दिसले. पाट उचलून भिंतीला लावला आणि माणसांमधून वाट काढत बाहेर गेले. कुणीतरी पुन्हा तोंडानं तसा आवाज केला. पुन्हा हशा.

सोमवारी बाबाजी आले, पण कपाळ टेकवायला वाकले तेव्हा खिडकीबाहेर पोट्ट्यांनी आवाज काढला. मंगळवारीही. बुधवारी माग बंद. अर्धी साडी मागावर तशीच सोडून ते उमरेडला लेकीकडे निघून गेले.

मालक उमरेडला गेले आणि परत आले. अंगणात नळावर आम्ही सगळे होतो. ते सगळ्यांना म्हणाले, "बाबाजी यायले तयार हायेत. त्याइचं एकच म्हणणं हाय. ज्यानं केलं, त्यानं माह्यापुढं येऊन सांगाव. मी काही बोलणार नाही, दुसऱ्या दिवशी मागावर बसतो, असं म्हणते ते." मग स्वतःच्या वतीनं म्हणाले, "ज्यानं केलं त्यानं मले सांगा. मी नाव घेणार नाही. गाडीभाडं माह्याकडं."

मी कप विसळत होतो. तो कप मी फार वेळ विसळला.

संध्याकाळी त्यांनी मला एकट्याला विचारलं, "तू मागं होता. कोण होतं काही दिसलं?"

"पोट्टे असतील कुणी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खेळाच्या वेळी लोकांकडे पाहत तसं. "हाव," म्हणाले, "असतील."

आठ दिवस वाट पाहून ते पुन्हा उमरेडला गेले आणि तिथे, बाबाजींच्या लेकी-जावयासमोर सांगितलं की मीच केलं. म्हाताऱ्याला परत आणायचं म्हणून. इतक्या चलाख माणसानं किती बावळट खोटं बोलावं! बाबाजी म्हणाले, "तू माह्या बाजूले बसला होता. तुह्याकडून आवाज आला असता तं मले समजला नसता का? पहिले माह्या मागाची थट्टा झाली. आता तू माह्यापुढं लबाड बोलून राह्यला." आणि आत निघून गेले. ते पुन्हा तांडापेठेत आले नाहीत. तीन-चार वर्षांनी उमरेडलाच वारले. तिथेही मागावर बसले नाहीत म्हणतात.

जावयानं मात्र अर्धीच गोष्ट चारचौघांत सांगितली: त्यानं स्वतः कबूल केलं. गल्लीला तेवढं पुरे होतं. पान लावता लावता लोक म्हणायचे, "ज्यानं हात धरून शिकवलं त्याचीच अब्रू काढली, भैताडानं." मालकांनी उत्तर दिलं नाही. कॅमेरा पेटीत गेला. पडद्याची शिवण उसवून काकूंनी दोन चादरी केल्या. बाबाजींच्या मागावरची अर्धी साडी मात्र मालकांनी कुणाला कापू दिली नाही. रोज सकाळी फडक्यानं धूळ झटकत. मला वैताग यायचा. खोलीतून बाहेर पडताना रोज ते दिसायचं.

माझी बदली झाली, लग्न झालं. नागपूरला आलो की त्यांना भेटायचो, आणि प्रत्येक वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. एकदा ते दात काढून आले होते. एकदा पाहुणे होते. एकदा कोणीच नव्हतं, तेव्हा मी पावसापाण्याचं बोललो.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. सीताबर्डीच्या एका थिएटरात, लपवलेल्या कॅमेऱ्यानं लोकांची फजिती टिपलेला एक परदेशी सिनेमा लागला होता. मालकांनी मला मॅटिनीला नेलं. पांढरे केस, हातात काठी. दिवे गेले आणि हा गृहस्थ खुर्चीत उलटा वळून, पाठीवर कोपरं टेकून, मागच्या रांगांकडे पाहत बसला.

"ओ काकाजी, पडदा तिकडं हाय!" मागून कुणी ओरडलं.

"माहीत हाय गा. तू पडदा पाह्य, मी तुले पाह्यतो."

"पागल हाय काय बे?"

मी त्यांचा सदरा ओढत होतो. शरमेनं आणि संतापानं मला घाम फुटला होता. तेवढ्यात पडद्यावर एक जाडा माणूस सोफ्यावर बसला आणि खालून तो आवाज झाला. या सिनेमाला आवाज होता. सगळं थिएटर उसळलं. शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्यांवर लाथा.

मालक आता कुणाकडेही पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

"तू काहून नाही हसला?" त्यांनी हळूच विचारलं.

मी घाईनं पडद्याकडे तोंड केलं.

"त्या दिवशीबी नव्हता हसला तू. रीळ संपलं, पांढरा उजेड पडला, अन् मले सगळे दिसले. सगळी खोली हसत होती. आमची बायको हसत होती. तू एकटाच नाही."

"मालक," मी म्हणालो.

त्यांनी हात वर केला. "इथं नाही. हसणाऱ्या लोकात हे सांगाचं नसते. रविवारी घरी ये. मागापुढं सांगजो." मग सरळ वळून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा, मला वाटतं, त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

रविवारी मी गेलो. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. पानठेल्याशी उभा राहिलो, एक पान खाल्लं, दुसरं खाल्लं. तिथून त्यांची खिडकी दिसत होती. त्यांना तर सारं ठाऊकच आहे, आता सांगायचं काय उरलं, अशी मी माझी समजूत घातली आणि दुपारच्या गाडीनं परत गेलो. पुढच्या महिन्यात येऊ म्हटलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या जाण्याचं कार्ड आलं.

भेटायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "त्या रविवारी यायनं खोलीतला सारा पसारा काढला. माग पुसला. मागापुढं दोन पाट मांडले आन् संध्याकाळवरी बसून राह्यले. मी इचारलं, काहून बसले जी? तं म्हणे, एक पोट्टा येणार हाय."

माझं वय तेव्हा चाळीसच्या वर होतं.

दुसरा पाट कुणासाठी होता, हे मी काकूंना सांगितलं नाही. वाक्य तेव्हाही पाठ होतं, पानठेल्याशी उभं राहून चार वेळा पुटपुटलं होतं. "मालक, तो आवाज मी काढला. बाबाजी माझ्यामुळे गेले आणि बोल तुम्हाला लागला. मला माफ करा."